लाइट गेली की मराठी जाते

“ताई, लाइट गेली की मराठी जाते.” आश्रमशाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या अप्पांनी तक्रार एवढ्याच शब्दांत सांगितली, आणि मी आजवर ऐकलेल्या तक्रारींत तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. तोरणमाळच्या पठारावरच्या त्या शाळेत मुलांच्या नोंदणीचं आमचं जावातलं वेब ॲप्लिकेशन चालायचं. मी हाताने सुरू करून दिलं की सगळं ठीक. नाव, पाडा, पालकाचं नाव, सगळं देवनागरीत. पावसाळ्यात वीज जायची, इन्व्हर्टर दम तोडायचा, मग कधीतरी वीज यायची, संगणक आपोआप उठायचा, त्याच्यापाठोपाठ हे ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, टॉमकॅट, उठायचा; आणि त्यानंतर काढलेल्या यादीत झापी, फलई, खडकी, सिंदीदिगर या सगळ्या पाड्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आकडे तेवढे शाबूत.

कारण साधं होतं. माणूस लॉगिन करून टॉमकॅट सुरू करतो तेव्हा लिनक्स त्याच्याबरोबर भाषेची आणि लिपीची सेटिंग आणतं. संगणक स्वतःहून उठतो तेव्हा ती सेटिंग येत नाही. आणि कुणी काही सांगितलं नाही, तर जुना जावा असं धरून चालतो की जगात इंग्रजीच्या १२८ चिन्हांपलीकडे काही नाही. उपाय एका ओळीचा: सुरू होतानाच त्याला सांगायचं, ‘मायनस डी फाइल डॉट एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८’. ही ओळ मी नंतर कितीतरी ठिकाणी लिहिली. पण ती कुठे लिहायची आणि मुळात लिहावी का लागते, याला जावाच्या जन्मापासूनचा इतिहास आहे. पुस्तकांत तो अमेरिकेच्या बाजूने सांगितलेला असतो. मी शहाद्याची, मला तो घाटाच्या बाजूने दिसतो.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शेवटचा टप्पा सातपुड्याचा घाट, वर साडेअकराशे मीटरच्या आसपासचं पठार, यशवंत तलाव, सीताखाई, आणि महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा. मोबाइलची रेंज मिळाली तर मिळाली. म्हणून एका संस्थेने ठरवलं होतं की धडगाव, मोलगी, तोरणमाळ अशा ठिकाणी प्रत्येक शाळेत एक-एक संगणक ठेवायचा, त्यावरच टॉमकॅट आणि डेटाबेस चालवायचा, आणि माहिती अधूनमधून पेन ड्राइव्हवर खाली आणायची. ॲप्लिकेशन सगळीकडे तेच. ‘वॉर’ म्हणतात ती एकच गुंडाळलेली फाइल मी सगळीकडे न्यायची. वेगळं काय? शाळेचं नाव, शाळेचा संकेतांक, डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड, संगणकात मेमरी किती, छापील यादी कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची. पूर्वी सरकारी छापखान्यातून दाखल्याचे कोरे नमुने यायचे आणि शाळा त्यावर आपला रबरी शिक्का मारायची, तसंच हे. फरक इतकाच की शिक्का मारायला विसरलात तर कागद तरी दिसतो. इथे ॲप्लिकेशन उठतच नाही, किंवा उठतं आणि भलतंच बोलतं.

जावाची सुरुवात १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत झाली, जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या चमूच्या हातून. तेव्हा डोळ्यांसमोर होती घरगुती उपकरणं. इंटरनेट नंतर आलं. १९९५ ला जावा जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी पहिली आवृत्ती आली. एकदा लिहा, कुठेही चालवा, ही त्याची प्रतिज्ञा. या प्रतिज्ञेपायी एक गंमत झाली. युनिक्सवर फार पूर्वीपासून रीत होती की प्रोग्रॅमला बाहेरची माहिती पर्यावरण चलांतून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून द्यायची. पण त्या वेळच्या मॅकिंटॉशवर असा प्रकारच नव्हता. मग जो प्रकार सगळीकडे नाही, तो जावात कुठेही नको! ‘गेट एन्व्ह’ नावाची सोय नावापुरती राहिली आणि ती वापरायला गेलं की जावा सरळ त्रुटी फेकायचा: ही सोय बंद आहे, मायनस डी वापरा. २००४ च्या जावा ५ मध्ये ती सोय मुकाट्याने परत आली. तोवर मात्र एक पिढी मायनस डी वर वाढली होती, आणि ती सवय आजही गेलेली नाही. मी पुण्यात सी-डॅकच्या अभ्यासक्रमात जावा शिकले, तेव्हा सरांनी हेच सांगितलं होतं: बाहेरून काही सांगायचं तर मायनस डी. का, ते कुणी विचारलं नाही.

वेबसाठी जावा वापरायची रीत आली ती सर्व्हलेटमधून, म्हणजे सर्व्हरवर बसून विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रॅममधून. त्याची पहिली संहिता सनमधल्या पावनी दिवाणजी या महिला अभियंत्याने लिहिली. १९९७ मध्ये ती १.० म्हणून पक्की झाली. सर्व्हलेटला जन्मतःच ‘इनिट’ नावाची एक पद्धत दिलेली आहे. सर्व्हर त्याला उठवतो तेव्हा आधी इनिट होतं, तिथेच त्याच्या हातात सुरुवातीची माहिती ठेवली जाते, आणि मग पहिली विनंती. मला ही रचना फार आवडते. कामाला लागण्यापूर्वी तू कुठे आहेस ते ऐकून घे, असं त्यात लिहूनच ठेवलं आहे.

१९९९ मध्ये सर्व्हलेटची २.२ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या, वॉर फाइल आणि तिच्या पोटातली ‘वेब डॉट एक्सएमएल’. इथून पुढे माहिती द्यायचे दोन मार्ग झाले: एका सर्व्हलेटपुरतं सांगायचं असेल तर ‘इनिट पॅराम’, सगळ्या ॲप्लिकेशनला सांगायचं असेल तर ‘काँटेक्स्ट पॅराम’. व्यवस्था नीटनेटकी, पण एक मोठी खोट होती. वेब डॉट एक्सएमएल वॉरच्या आत. म्हणजे तोरणमाळचा पासवर्ड बदलला तर गाठोडं सोडा, ओळ बदला, पुन्हा बांधा. संहितेत ॲप्लिकेशन तैनात करणारा म्हणून एक वेगळा माणूस कल्पिला होता. हा भला माणूस वॉर उघडून आपल्या ठिकाणची माहिती भरेल. असा माणूस मी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. आमच्याकडे लिहिणारी मी, बांधणारी मी, आणि एसटीच्या खिडकीशी बसून वर नेणारीही मीच.

त्यामुळे जगभर एक आडवाट रूढ झाली. ‘अँट’ नावाच्या साधनात खुणेच्या जागा भरायची सोय होती. तिचा वापर करून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी वॉर बांधायची. अँट लिहिणारे जेम्स डंकन डेव्हिडसन यांनीच टॉमकॅटही लिहिला, आणि १९९९ मध्ये सनने तो अपाचे फाउंडेशनला देऊन टाकला. वेगळ्या वॉरची ही पद्धत माझ्या आधी ज्याने हे काम सांभाळलं त्याने पाळली होती. पेन ड्राइव्हवर चार फाइली, नावात फक्त गाव वेगळं. अशा पद्धतीत मोलगीची वॉर धडगावला चढण्याचा दिवस कधी ना कधी येतोच.

टॉमकॅटमध्ये याहून बरी वाट आहे, पण ती शोधावी लागते. ‘कॉन्फ’ फोल्डरच्या आत, ‘कॅटलिना’ आणि त्याच्या आत ‘लोकलहोस्ट’ असे फोल्डर असतात. तिथे ॲप्लिकेशनच्या नावाची एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवली, तर तिच्यातली माहिती ॲप्लिकेशनला मिळते आणि वॉरला हात लावावा लागत नाही. डेटाबेसची जोडणीही तिथेच सांगता येते. ॲप्लिकेशन ती जेएनडीआय या मार्गाने नावाने मागून घेतं. मी हे लावलं आणि चार वॉरची एक झाली. प्रत्येक शाळेची ती छोटी फाइल एकदाच लिहायची, पुन्हा तिला शिवायचं नाही. नवी वॉर अप्पांनीही टाकली तरी चालेल, आणि पुढे ते टाकूही लागले.

जावाला स्वतःला जे सांगायचं, म्हणजे मेमरी किती घे, लिपी कुठली धर, ते मात्र त्या फाइलमध्ये सांगता येत नाही. ॲप्लिकेशन उठेपर्यंत जावा उठून बसलेला असतो. त्यासाठी टॉमकॅटच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘सेट एन्व्ह’ नावाची फाइल आपण स्वतः तयार करायची. ती आयती मिळत नाही. असली तर टॉमकॅट वाचतो. तिच्यात दोन नावं चालतात, ‘जावा ऑप्ट्स’ आणि ‘कॅटलिना ऑप्ट्स’. दिसायला जुळी. फरक असा की पहिलं टॉमकॅट सुरू करतानाही लागू होतं आणि थांबवतानाही. दुसरं फक्त सुरू करताना. थांबवण्याचा हुकूमही स्वतंत्र जावा उठवूनच दिला जातो. दोन जीबीच्या संगणकावर पहिल्या नावात दीड जीबी मेमरी मागून ठेवली, तर थांबवणारा जावाही दीड जीबी मागतो, ती त्याला मिळत नाही, आणि टॉमकॅट थांबत नाही. मग लोक वीज घालवून थांबवतात. मेमरीची ओळ दुसऱ्या नावातच लिहावी, हे टॉमकॅटला सुरू करणाऱ्या, त्याच्याबरोबरच येणाऱ्या फाइलमधल्या टिपांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण टिपा वाचणाऱ्यांचा देश निराळा. विंडोजवर आणखी एक खोच: टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवला की तो सेट एन्व्ह वाचतच नाही. तिथे वेगळ्या खिडकीत जाऊन त्याच ओळी पुन्हा भराव्या लागतात.

रेंज नसलेल्या गावात आणखी एक सुरुवातीचा त्रास होता, तो शहरातल्यांना कधी कळला नसेल. त्या काळच्या एक्सएमएल फाइलींच्या डोक्यावर नियमांच्या फाइलचा इंटरनेटवरचा पत्ता असे. डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटसारख्या लायब्ररीच्या फाइलीत हा पत्ता लायब्ररीला ओळखीचा असेल तर ती आपल्या पोटातली प्रत वापरते. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, किंवा नव्या आवृत्तीचा पत्ता जुन्या लायब्ररीपुढे आला, की ती नियम आणायला इंटरनेटवर जाते. पुण्यात हे लक्षातही येत नाही, क्षणात उत्तर मिळतं. तोरणमाळला ॲप्लिकेशन उठता उठता तिथेच अडून राहायचं.

आता प्रश्नचिन्हांकडे. जावाच्या पोटात पहिल्या दिवसापासून युनिकोड आहे. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारतातल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतलेली होती. म्हणजे ‘तोरणमाळ’ हा शब्द जावाच्या आत सुखाने नांदू शकत होता. अडचण दाराशी. ‘प्रॉपर्टीज’ फाइल म्हणजे जावाला माहिती द्यायची सगळ्यात जुनी वही, नाव बरोबर किंमत अशा ओळींची. ती वाचायची लॅटिन-१ मध्ये, असं सुरुवातीलाच ठरलं. लॅटिन-१ हा पश्चिम युरोपच्या भाषांसाठीचा संकेत. त्याच्या भावंडांत देवनागरीसाठीही एक जागा, बारावी, धरून ठेवली होती. ते काम १९९७ मध्ये सोडून दिलं आणि त्या मालिकेत १२ हा क्रमांकच नाही.

मग शाळेचं नाव प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहायचं कसं? उलटी तिरकी रेघ, यू, आणि चार अंकी संकेत. ‘त’ साठी ०९२४, ‘ओ’ च्या मात्रेसाठी ०९४बी, ‘र’ ०९३०, ‘ण’ ०९२३, ‘म’ ०९२ई. काना ०९३ई, आणि ‘ळ’ ०९३३. तोरणमाळ सात संकेतांत बसतं. ‘अक्कलकुवा’ लिहून पाहा. हे काम करून द्यायला जावाबरोबर ‘नेटिव्ह टू आस्की’ नावाचं साधन यायचं. त्यातून काढलेली फाइल मला वाचता यायची नाही, अप्पांना तर नाहीच. शाळेच्या नावात वेलांटी चुकली तर कुठली वेलांटी ते शोधायला तक्ता घेऊन बसा. जावा ६ पासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तर लिपी सांगून फाइल वाचता येऊ लागली. भाषांतराच्या फाइली आपणहून यूटीएफ-८ मध्ये वाचल्या जाऊ लागल्या त्या थेट २०१७ च्या जावा ९ मध्ये, आणि त्याच आवृत्तीत नेटिव्ह टू आस्की काढून टाकलं. साधी प्रॉपर्टीज फाइल आजही, लिपी सांगितली नाही तर, लॅटिन-१ समजूनच वाचली जाते.

अप्पांना हे सगळं उलटंच वाटायचं, आणि त्यांचं बरोबर होतं. “आधीच्या संगणकावर मराठी कधी गेली नव्हती.” आधीच्या संगणकावर मराठी होती ती जुन्या फाँटांची. त्या फाँटांत संगणकाच्या लेखी सगळी अक्षरं युरोपीच असत. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. लॅटिन-१ ची पहारेदारी असलेल्या दारातून असली मराठी बिनबोभाट जायची. आपण रीतसर युनिकोड मराठी लिहू लागलो तेव्हा अडवले गेलो. जुनं सरकारी काम युनिकोडवर यायला इतकी वर्षं लागली त्याला आळस हे एकच कारण नव्हतं, असं मला तेव्हापासून वाटतं. ज्या माणसाची यादी काल नीट छापत होती आणि आज प्रश्नचिन्हं देते, त्याला प्रगती कशी पटवायची?

आणि दार एक नव्हतं. ब्राउझरमधून पाड्याच्या नावाने शोध घेतला की तो शब्द पत्त्यातून यायचा; टॉमकॅट तो पत्ताही लॅटिन-१ म्हणून वाचायचा. त्यासाठी सर्व्हरच्या फाइलमध्ये वेगळी ओळ. २०१४ च्या टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ आपोआप झालं. पुढे डेटाबेस. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मलं, म्हणून कुणी काही सांगितलं नाही तर त्याची लिपी लॅटिन-१ आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश! २०१८ मध्ये ८.० आवृत्ती येईपर्यंत हेच चाललं. सातपुड्यातल्या मुलांची नावं डेटाबेसपर्यंत शाबूत पोचावीत यासाठी जोडणीच्या पत्त्याच्या शेपटाला दोन शब्द जोडावे लागत. म्हणजे एक मराठी नाव कीबोर्डपासून कागदापर्यंत न्यायला चार ठिकाणी सांगायचं की हे मराठी आहे. यातलं एक जरी ठिकाण राहिलं, तर प्रश्नचिन्ह. आणि हे प्रश्नचिन्ह नुसतं दिसण्यापुरतं नसतं; अक्षर खरोखर पुसून त्या जागी ते लिहिलं जातं. वीज गेल्यावर अप्पांनी भरलेली नावं नंतर कुठल्याही उपायाने परत आली नाहीत. ती हजेरीपटाच्या कागदावरून पुन्हा भरली.

सुरू होताना सांगायच्या गोष्टींची यादी म्हणजे बनवणाऱ्याने काय गृहीत धरलं नाही त्याची यादी, असं माझं मत तिथे बनलं. स्टॉकहोमच्या माणसाला यातलं बरंचसं सांगावंच लागत नव्हतं.

मी ही प्रश्नचिन्हं निस्तरत होते त्याच सुमारास आमच्या शहादे तालुक्यातलं टेंभली अचानक देशभर गाजलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक तिथे मिळाला. त्यानंतर प्रत्येक अर्जात आधारचा रकाना आला, आणि आमच्यासारख्यांच्या कामात परवान्याच्या किल्ल्या आल्या. आधारशी बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक संकेत आणि एक परवाना-किल्ली लागते. चाचणीच्या सर्व्हरवर संकेताच्या जागी ‘पब्लिक’ असा शब्द चालायचा. तोवर बाहेर ठेवायची माहिती ही सोयीची बाब होती. आता ती गुपिताची झाली. आणि इथे जुनी मायनस डी उघडी पडली: सुरू करतानाच्या हुकुमात पासवर्ड लिहिला, तर त्या लिनक्स यंत्रावर चालू कामांची यादी पाहणाऱ्या कुणालाही तो सहसा वाचता येतो. एकेकाळी हाकलून दिलेली पर्यावरण चलं या बाबतीत थोडी बरी. ती मालकाला आणि मुख्य प्रशासकालाच दिसतात.

२०११ च्या आसपास हेरोकू कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह फॅक्टर’ नावाने बारा नियम मांडले. ठिकाणागणिक बदलणारी प्रत्येक गोष्ट पर्यावरण चलांत ठेवा, हा त्यातला एक. कोड उद्या जगजाहीर केला तरी एकही गुपित फुटता कामा नये, ही त्यांची कसोटी. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि उलटापालट झाली. टॉमकॅटच्या पोटात ॲप्लिकेशन जाण्याऐवजी ॲप्लिकेशनच्या पोटात टॉमकॅट आला. वेब डॉट एक्सएमएल गेली, कॅटलिना फोल्डर गेलं. आतल्या फाइलपेक्षा बाहेरची फाइल वरचढ, तिच्यापेक्षा पर्यावरण चल, त्याहून मायनस डी, आणि हुकुमाच्या शेवटी लिहिलेला शब्द त्याहूनही वरचढ, अशी उतरंड ठरली. मला ही उतरंड पाठ आहे, पण ती पाठ असावी लागणं हे काही कौतुकाचं नाही.

संस्थेने पुढे रेंज सुधारल्यावर शाळांतले संगणक काढले आणि सगळं क्लाउडवर नेलं. लिपीचा प्रश्न मिटला तसा वेळेचा आला. क्लाउडची यंत्रं ग्रीनिचच्या घड्याळाने चालतात, आपल्या साडेपाच तास मागे. याच ॲप्लिकेशनमध्ये आजारी मुलांची रात्रीची नोंद होती. पहाटे तीनला ताप आलेल्या पोराची नोंद आदल्या तारखेला पडू लागली. पुन्हा सुरुवातीची एक ओळ: ‘मायनस डी यूझर डॉट टाइमझोन’. बरोबरच्या चिन्हापुढे ‘एशिया कोलकाता’ लिहा किंवा जुनं ‘एशिया कलकत्ता’, दोन्ही चालतात.

२०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १८ ने अखेर ठरवलं की कुणी काही सांगितलं नाही तरी यूटीएफ-८ धरायचं, यंत्र कुठलंही असो आणि कुणीही उठवलेलं असो. जावाच्या जन्मानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी. पण बहुतेक संस्था दीर्घ मुदतीच्या आवृत्त्याच वापरतात, त्यामुळे आमच्याकडे तो बदल २०२३ च्या जावा २१ बरोबर पोचला. मी सेट एन्व्हमधली ती ओळ काढून पाहिली. नावं नीट साठतात, यादी नीट छापते, यंत्र आपोआप पुन्हा उठलं तरी. एकच जागा उरली. पडद्यावर लॉग दाखवणारी काळी खिडकी अजूनही यंत्राची लिपी पाहते, कारण जावा १८ ने ती मुद्दाम वगळली आहे. त्यासाठी ‘एसटीडीआउट डॉट एन्कोडिंग’ ही नवी सोय जावा १९ पासून सुरुवातीलाच सांगता येते. एक ओळ काढली, दुसरी घातली. आमच्या विंडोज यंत्रावरच्या त्या खिडकीचा फाँट जोडाक्षरं तरीही फोडून दाखवतो, पण तो भाग जावाच्या हद्दीत येत नाही.